मधे आवाज तुटू नये म्हणून

आमच्या धंद्यातला माणूस लोकांना दिसतो तो पाठमोरा. शिडीवर चढलेला, माळ्यावर वाकलेला, टीव्हीच्या मागे डोकं घातलेला. त्यामुळे माझं तोंड कुणाच्या लक्षात असेल असं वाटत नाही. दिवाळी अंकाच्या बाईंनी मात्र शोधून काढलं आणि "तुमच्या कामाचं लिहा" म्हणाल्या. मी सातवीपर्यंत शिकलो, त्यातली सातवी दोनदा. लिहायची सवय नाही. शिवाय कामाचं लिहायचं म्हणजे सुमनचं लिहावं लागणार, आणि ती गेल्या चैत्रात गेली. बाईंना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, मग दोघांचं लिहा. म्हणून बसलोय. गोड काही नाही यात. फराळाबरोबर वाचणार असाल तर आधी फराळ संपवून घ्या.

नव्वद सालाच्या आगेमागे मी विरारला एका केबलवाल्याकडे लागलो. गाव राजापूरकडचं, पण संसार मनवेलपाड्याच्या चाळीत, एक खोली आणि स्वयंपाकघर. चाळींच्या मधे मधे तेव्हा बिल्डिंगी उठत होत्या. माणसं राहायला येण्याआधी माझी तार तिथे पोचलेली असायची, गच्चीवरून गच्चीवर, माडावरून खांबावर. पुढे त्याच घरांत कॉम्प्युटर आले, मग टेलिफोनच्या लायनीवर इंटरनेट आलं, आणि शेवटी तो शिंगं असलेला डबा आला. राउटर. लोक त्याला बिनतारी म्हणायचे. मला हसू यायचं. बिनतारी कामासाठी जेवढी तार मी ओढली तेवढी केबलच्या जमान्यातही ओढली नव्हती.

ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. राउटर म्हणजे दिवा समजा. भिंतींनी अडवलं की पलीकडे अंधार. मग लोक आत दुसरा डबा लावतात. त्याचं नाव वेगळं, पासवर्ड वेगळा. बाहेरच्या खोलीत मुलाशी बोलताय, लॅपटॉप उचलून आत गेलात की पहिला सुटतो, दुसरा धरायला वेळ लागतो, तेवढ्यात बोलणं मेलेलं असतं. हे जुळवून द्यायचं माझं काम. सगळ्या डब्यांना नाव एकच, पासवर्ड एकच. दुसऱ्याला पहिल्याकडून तार ओढून द्यायची. घरातल्या मशीनींना नंबर वाटायचं काम पहिल्याकडेच ठेवायचं, दुसऱ्याचं बंद करायचं; दोघे वाटायला बसले तर एकच नंबर दोन मशीनींना जातो आणि दोन्ही अडकून बसतात. चॅनेल मात्र वेगवेगळे, नाहीतर दोघे एकमेकांच्या बोलण्यात बोलतात.

एवढं करूनही एक गोष्ट उरते. लॅपटॉपला जुना डबा सोडवत नाही. शेजारी धडधाकट डबा उभा असतो, तरी हा मागच्या खोलीतल्या मरतुकड्याला धरून बसतो, पार तुटेपर्यंत. सुमनला हे समजावलं तेव्हा ती म्हणाली, "तुमच्यासारखाच आहे. ती भोकाची बनियन टाका म्हणून कधीची सांगतेय."

तर हे सगळं नीट झालं की नाही हे बघायचं कसं? लॅपटॉपवर सिग्नलच्या काड्या दिसतात, पण काड्या खोटं बोलतात. मी सुमनला लावलं कामाला. घरी केबलच्या मालकाने दिलेला जुना कॉम्प्युटर होता, स्टुलावर. तिच्या कानाला हेडफोन, त्याची तार विळीपर्यंत पोचायची. मी गिऱ्हाइकाच्या घरून लॅपटॉपवर तिला फोन लावायचा आणि म्हणायचं, बोलत राहा. मग मी लॅपटॉप घेऊन घरभर फिरायचो, संडासात, माळ्यावर, सगळीकडे. तिचा आवाज जिथे तुटेल तिथे खडूने खूण करायची. मला जागा सापडायची, तिला बोलायला मिळायचं. चाळीत तिला एवढं ऐकून घेणारं कुणी नव्हतं. मीही नव्हतो, कामावर नसताना.

काय बोलायची? काहीही. भाजी, नळाचं पाणी, समोरच्या खोलीतली नवी सून. एकदा गास गावात एका बागाईतदाराच्या हॉलमध्ये मी उभा, मालक शेजारी, आणि लॅपटॉपमधून सुमनचा आवाज खणखणीत, "चहा तरी दिला का हो त्या चिकट माणसाने? गेल्या वेळी पाण्याला विचारलं नव्हतं म्हणत होतात." मालकाने माझ्याकडे बघितलं आणि आत हाक मारली, "अगं, चहा टाक. ह्यांच्या घरून निरोप आलाय." त्याच माणसाने नंतर पाल बसते म्हणून राउटर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून झाकण लावलं होतं. मी पुन्हा गेलो तेव्हा सुमन विचारते, "अहो, तुम्ही विहिरीत उतरलात काय?"

विरारला एका फ्लॅटमध्ये बापलेकाचं पटत नव्हतं. बाप म्हणाला, "माझ्या राउटरचं नाव आणि त्याच्या राउटरचं नाव एक नको." मी म्हटलं, मग खोली बदलली की तुटणार. तो म्हणाला, "तुटू दे. तो कुठे येतो माझ्या खोलीत!" तसंच करून दिलं. पैसे घेतले आणि निघालो. अशी कामं मला आवडायची नाहीत.

आता सांडोर गावचं.

ते काम लागलं तेव्हा असली मशीन आमच्याकडे लोकांना नवीनच होती. केळीच्या वाडीतलं जुनं लांबट घर. पुढे ओटी, मग हॉल, मग एक बुटकी मधली खोली, स्वयंपाकघर, आणि मागे पडवी. भिंती हातभर जाड. पडवीत खाटेवर म्हातारी. सगळे तिला बाय म्हणायचे. कंबरेखालचं अंग गेलेलं, पण जीभ शाबूत. थोरला मुलगा जगदीश वाडी बघायचा, धाकटा विनय कॅनडात. विनयचे तिथे राहायचे कागद अडकलेले. देश सोडला तर परत आत घेणार नाहीत, एवढं मला कळलं. म्हातारीचं फार दिवसांचं नाही हे डॉक्टरने सांगून ठेवलेलं. मुलगा येऊ शकत नाही, आईला हलवता येत नाही.

मी म्हटलं, सोपं आहे, एक डबा पडवीत लावतो, लॅपटॉप खाटेवर ठेवा, झालं. जगदीश मान खाजवायला लागला. म्हणाला, "ते करून बघितलं. तिनं तोंड फिरवलं."

बाय आतून ओरडली, "भूत हाय का माझा पोर, एकदम समोर उगवायला? पोर लांबून आला का पुढल्या दारातनं येतो. त्याच्यावरनं तुकडा ओवाळतात, पायावर पानी घालतात. मग घरातनं चालत माझ्यापर्यंत येतो. तसा येत असंल तर सांगा, नायतर मला फोटो पुरे हाय."

म्हणजे मुलाला लॅपटॉपमधून का होईना, गेटापासून पडवीपर्यंत चालवत आणायचं होतं, आणि मधे एकदाही तुटून चालणार नव्हतं. तुटला की भूत.

तीन डबे लावले. पुढे, मधे, मागे. माळ्यावरून तार. मग सुमनला फोन लावून गेटापासून निघालो. ओटी ठीक. हॉल ठीक. मधल्या खोलीतही चालली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर सुमन गेली. परत मागे, परत पुढे. दर वेळी तिथेच. लॅपटॉप पुढच्या डब्याला सोडायला तयार नव्हता.

माझं हे चाललेलं असताना सुमनचं बोलणं तुकड्या तुकड्यांनी पडवीत पोचत होतं. बाय म्हणाली, "कोन बोलते ही?"

"माझी मंडळी."

"काय चिरते?"

मी विचारलं. सुमन म्हणाली, "केळफूल."

"हाताला तेल लावलंस का गो?" बाय खाटेवरून.

"लावलं तर! खोबरेल."

"आणि ताकात घातलंस?"

"आमच्यात साध्या पाण्यात घालतात."

"म्हनून तुमची भाजी काळी होते."

सुमनला असं बोललेलं खपायचं नाही. मी उंबऱ्यावर लॅपटॉप धरून उभा आणि दोन बायका माझ्या हातातून भांडतायत. शेवटी लॅपटॉप खाटेवर ठेवून मी बाहेर विडी ओढायला गेलो. परत आलो तर दोघींचं गुडघेदुखीपर्यंत आलेलं.

उंबऱ्याचं कोडं विनयनेच सोडवलं, कॅनडातून फोनवर. म्हणाला, "काका, पुढच्या राउटरची ताकद वाढवू नका, कमी करा. तो दुबळा झाला की मशीन त्याला लवकर सोडेल." मी इतका वेळ वाढवतच होतो. कमी केली. पुन्हा गेटापासून निघालो आणि सुमन बोलत बोलत थेट पडवीत आली, एक अक्षर न गाळता. बाय म्हणाली, "आली बग. असा येऊ दे माझा पोर."

रविवारी संध्याकाळी तो आला. मी बाजूला उभा होतो, काही बिघडलं तर असावं म्हणून. जगदीशने लॅपटॉप छातीशी धरलेला, पडदा पुढे करून, म्हणजे विनयला समोरचं दिसेल आणि बाकीच्यांना विनय. गेटातून ओटीपर्यंत आले. जगदीशची बायको भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी. तुकडा ओवाळला, टाकला. तांब्या वाकवला आणि थांबली. "पाणी कुठे घालू? पाय कुठायत ह्यांचे?"

मी ओरडलो, "मशीनवर नको!"

जगदीश म्हणाला, "माझ्या पायावर घाल. आज त्याचे पाय मीच."

तिने घातलं. मग ते आत निघाले. ओटी, हॉल. मधल्या खोलीचं दार बुटकं, तिथे जगदीश वाकला, आणि मी पडद्यावर बघितलं, तिकडे कॅनडात विनयनेही मान खाली घातली. सवयीने. कपाळावर आपटलेलं असणार लहानपणी. स्वयंपाकघराचा उंबरा आला. गेला. तुटलं नाही. पडवीत बायने हात पुढे केला आणि काचेवरून फिरवला.

"वाळलास," ती म्हणाली. "जेवून निघालास का?"

"निघालो बाय, जेवून," तो म्हणाला.

मी मागच्या दाराने विहिरीकडे गेलो. माझं तिथे काही काम नव्हतं.

त्यानंतर बाय जगदीशला अधूनमधून सांगायची, "त्या केळफुलवालीला लाव." सुमन दुपारी हेडफोन घालून तयारच असायची. दोघींनी एकमेकींना बघितलं नव्हतं, आमच्या जुन्या कॉम्प्युटरला कॅमेरा नव्हता आणि चित्र त्याला झेपायचं नाही. मी म्हटलं, एकदा घेऊन जातो तुला सांडोरला. ती म्हणायची, "उन्हं उतरली की जाऊ. मग पावसाळा झाला की जाऊ."

ती सांडोरला पहिल्यांदा गेली ती बायला न्यायच्या दिवशी.

सकाळी जगदीशचा फोन आला. म्हणाला, "बाय गेली. विनय म्हणतोय जसा आत आलो तसा तिच्याबरोबर बाहेर येईन. होईल का?" मी म्हटलं, होईल. सुमन तोपर्यंत पदर खोचून उभी होती. निघताना शेजाऱ्याच्या स्कूटरची बॅटरी काढून घेतली, कारण त्या दिवशी सकाळचं लोडशेडिंग होतं आणि इन्व्हर्टर फक्त हॉलला आणि मधल्या खोलीला होता. राउटरला बॅटरी चालते, व्होल्ट तेवढेच.

तिथे पोचलो तर बाय हॉलमध्ये आणलेली नव्हती. विनयसाठी पडवीतच ठेवली होती. सुमन तिच्यापाशी गेली, तोंड बघितलं, आणि मला म्हणाली, "मला वाटलं होतं अंगाने मोठी असेल." बस, एवढंच.

बॅटरीवर पडवीतला डबा लावला. मग विनय म्हणाला, "काका, गेटाच्या बाहेर किती येईल?" मी म्हटलं, गेटावरच्या फणसापर्यंत, पुढे नाही. तो बरं म्हणाला. पण मला बघवेना. गाडीवर तारेचं नवं बंडल होतं. तिरडीचा उरलेला एक बांबू अंगणात पडला होता. पडवीतली खाट रिकामी झाल्यावर तिथला डबा आणि बॅटरी सोडवली, डबा त्या बांबूच्या टोकाला बांधला, बॅटरी पिशवीत घालून खांद्याला, आणि नवी तार हॉलमधून घेतली. म्हणजे पुढे मी चालणार आणि मागे बंडल सुटत येणार.

तिला हातांवर उचलून घरातून बाहेर आणताना लॅपटॉप सुमनकडे होता. जगदीशच्या हातात आता मडकं. मधल्या खोलीच्या दारात सगळे वाकले. पडद्यावरची मानही वाकली.

गेटापाशी बायका थांबतात. सुमन थांबली नाही. एक म्हातारे काका पुढे आले. "बाई, बायका इथपर्यंतच."

सुमन म्हणाली, "मी बाई म्हणून येत नाही. ह्याचे पाय म्हणून चाललेय. पाय अर्ध्यात सोडू काय?"

काकांनी जगदीशकडे बघितलं. जगदीशने मान हलवली. काका बाजूला झाले.

मग आम्ही त्या वाडीच्या गल्लीतून निघालो. पुढे तिरडी, तिच्या बाजूने बांबू उंच धरून मी, शेजारी सुमन. मागे तार धुळीतून सरकत होती आणि शेजारची माणसं ती पायात येऊ नये म्हणून उचलून धरत होती. कुणी शिकवलं नव्हतं त्यांना. सुमन विनयशी बोलत होती. जे दिसेल ते. "ही बघ रस्त्याखालची मोरी आली. हे केळीचे घड झाकलेत गोणपाटाने. हा कुत्रा येतोय मागून, तुमचाच का रे?" विनय हो म्हणाला.

त्या तारेतून शंभर मीटरच्या पुढे काही जात नाही, हे त्यातलं काम करणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं; म्हणून तेवढीच कापून घेतली होती. वळणाच्या अलीकडे ती संपली. मला हाताला ओढ लागली आणि मी थांबलो. तिरडी थांबत नाही. सुमन आणखी थोडी पुढे गेली, आणि विनयचं तोंड पडद्यावर तसंच राहिलं, काहीतरी म्हणायला उघडलेलं.

मी म्हटलं, "सुमन, तुटलं ते."

"मला दिसतंय," ती म्हणाली. "बोलू द्या मला."

आणि ती त्या थांबलेल्या तोंडाशी बोलत राहिली. आता बाय वळल्या बघ. आता चिंचेखालून गेल्या. आता दिसत नाहीत.

घरी येताना गाडीवर माझ्या मागे बसून म्हणाली, "मला न्याल तेव्हा हे असलं काही करू नका. तार नको, बांबू नको. तुम्ही स्वतः शेवटपर्यंत या, म्हणजे झालं." मी म्हटलं, आधी मी जाणार. ती म्हणाली, "तुमचं काही वेळेवर झालंय का आजवर?"

त्याच्या पुढच्या पावसाळ्यात तिला झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाला, तिला सगळं कळतंय, फक्त बोलता येत नाही. फक्त.

धंदा तिथे संपला. लोक म्हणतात, वय झालं म्हणून सोडला. तसं नाही. शिडी मला अजून चढता येते. पण घराघरातून लॅपटॉप घेऊन फिरायचं तर दुसऱ्या टोकाला बोलणारं माणूस लागतं. कुणी सुचवलं, गाणं लावून ठेवा. गाणं तुटलं तर कळतं, खरं आहे. पण गाणं विचारत नाही, अहो, कुठे गेलात म्हणून.

मग आमचं उलटं झालं. ती खाटेवर, मी स्वयंपाकघरात, आणि बोलायचं मी. मला बोलायची सवय कधीच नव्हती. जन्मभर दुसऱ्याला सांगत आलो, बोलत राहा. आता मीच सकाळपासून सुरू व्हायचो. डाळ धुतोय. हिंग संपलाय. समोरच्या खोलीतल्या सुनेचं परत वाजलंय, तू म्हणायचीस तेच खरं. तिच्या डाव्या हाताशी मी स्टीलची वाटी आणि चमचा ठेवला होता. मी गप्प झालो की ती वाटी वाजवायची. गॅलरीत कपडे वाळत घालायला गेलो आणि माझा आवाज तिकडे पोचेना झाला की वाजवायची. मी मोठ्याने बोलायचो, ती थांबायची. एवढ्याशा घरात कुठे आवाज पोचतो आणि कुठे तुटतो हे तेव्हा कळलं. मोरीच्या दाराशी तुटतो. तिथे आंघोळ करतानाही मी ओरडून बोलायचो. चाळीतले हसायचे. हसू दे.

जेवताना मी चुकीचं काही बोललो, भाजीत मीठ किती ते वगैरे, तर ती दोनदा वाजवायची. म्हणजे नाही. केळफूल केलं एकदा, ताकात घालून, बायसारखं. दाखवायला नेलं. तिने वाटी वाजवलीच नाही, नुसती बघत राहिली, मग तोंडाची चांगली बाजू हसली.

गेल्या चैत्रात, सकाळी, मी गॅसपाशी उभा होतो. पाठ तिच्याकडे. चहाचं सांगत होतो, दूध फाटतंय की काय असं वाटतंय, हे दूधवाले आता पाणी घालायलाही आळस करतात. मग मधे थांबलो, दुधाकडे बघत. वाटी वाजायला हवी होती. वाजली नाही.

मला कळलं. या एका गोष्टीत मला कळतं, आवाज कधी गेला ते. मी वळलो नाही. गॅस बारीक केला. म्हटलं, फाटलं नाही गं, चांगलं आहे. साखर घालतोय. आलं किसतोय. आता गाळतोय. आता घेऊन येतोय.